‘रश’ची धून आणि जॉर्ज ड्रायफस



मायदेशी असताना आपल्या घरी पहाटे रेडिओ लावला की प्रथम आकाशवाणीची धून लागायची. ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. हिटलरच्या काळात, 1934 साली ते युरोप सोडून मुंबईस आले. पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. ती धून आपण हजारो वेळा ऐकली. पण ती एका यहुदी निर्वासिताची आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक होते? आपल्या या दुसऱ्या देशातही अगदी असेच घडले आहे.

जॉर्ज ड्रायफस यांचा जन्म 1928 सालचा, जर्मनीतील वुपरटालचा. 1939 साली, युद्ध पेटण्याच्या थोडे आधी, ते भावासह मेलबर्नला पोहोचले आणि बॅल्विन येथील ‘लारिनो’ या यहुदी मुलांच्या वसतिगृहात राहिले. पुढे बॅसून हे खर्जातले लांब लाकडी वाद्य शिकून 1953 ते 1964 या काळात ते मेलबर्नच्या सिम्फनी वाद्यवृंदात वाजवीत होते.

याच नोकरीत त्यांचे खरे शिक्षण झाले असे मला वाटते. आपल्या हिंदी चित्रपटांत संगीतकार चाल बांधत. व्हायोलिनने काय वाजवायचे, ट्रंपेट कुठे शिरायचा, हे कागदावर लिहून देणारे अरेंजर निराळे असत. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा करीत. ड्रायफस दोन्ही कामे स्वतः करू शकत, कारण कोणत्या वाद्याला कुठे दम लागतो हे त्यांनी वादकांच्या रांगेतून पाहिले होते.

1963 साली ‘सेबॅस्टियन द फॉक्स’ या बाहुल्यांच्या मालिकेला त्यांनी संगीत दिले. 1974 साली ए.बी.सी.वर सोन्याच्या खाणींच्या काळातली ‘रश’ मालिका आली, आणि तिची सुरुवातीची धून घरोघर पोहोचली. ब्रायन मे (गिटारवाले नव्हेत, ‘मॅड मॅक्स’चे!) यांच्या बँडने वाजवलेली तिची तबकडी खूप खपली. नंतर ‘पॉवर विदाउट ग्लोरी’, ‘द फ्रिंज ड्वेलर्स’ अशी कामे होत राहिली.

परंतु मनातले काम ऑपेराचे. ‘द गिल्ट-एज्ड किड’ हा ऑपेरा ऑस्ट्रेलियन ऑपेराने त्यांच्याकडून लिहवून घेतला आणि स्वतः कधी रंगमंचावर आणला नाही. ड्रायफस यांनी त्याबद्दल वर्षानुवर्षे उघड तक्रार केली. काहींना तो हट्टीपणा वाटला. मला वाटत नाही. मागवलेले ताट मागवणाऱ्याने चाखून तरी पाहावे!

1993 साली त्यांचा ‘राथेनाउ’ ऑपेरा प्रथम सादर झाला तो जर्मनीत, कासेल शहरी. वाल्टर राथेनाउ हे जर्मनीचे यहुदी परराष्ट्रमंत्री. 1922 साली त्यांचा खून झाला होता. जो मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना तो देश सोडून आला, त्याचेच संगीत तिथल्या वादकांनी वाजवले.

आपली नातवंडे शाळेच्या बँडमध्ये ‘रश’ वाजवीत असतील, तर ही धून कोणाची, हे त्यांना जरूर विचारा. आणि ठाऊक नसेल तर सांगा.