षड्ज उशिरा येतो



आज फक्त दोन मिनिटांच्या एका ध्वनिमुद्रणाबद्दल बोलायचं आहे. पोलंडमध्ये जन्मलेला पियानोवादक आणि रचनाकार फ्रेडरिक शोपँ याची ही रचना. पाश्चात्त्य संगीतात बारा मेजर आणि बारा मायनर अशा चोवीस पट्ट्या आहेत. त्या प्रत्येक पट्टीत त्याने एकेक प्रेल्यूड, म्हणजे छोटेखानी रचना, रचलं आणि 1839 साली हा संच छापून आला. त्यातलं हे चौथं. त्याआधीचा हिवाळा शोपँने मायोर्का बेटावरच्या वाल्देमोसा गावी, एका जुन्या मठात काढला होता. खोकल्याने तो बेजार झाला होता. पॅरिसहून मागवलेला पियानो जकातीत अडकून पडला आणि जानेवारीत एकदाचा त्याच्या हाती आला.

या रचनेची पट्टी ई मायनर. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनचा सा. गंधार, धैवत, निषाद कोमल. म्हणजे आसावरी थाटाचेच सूर. पण ऐकताना आसावरीची आठवण होत नाही. असं का, हे मला पुस्तकातून कळलं नाही, वडशाला कळलं.

धान निघालं की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. वडशाकडे एका नाटकाच्या संध्याकाळी, प्रयोगाला चार तास अवकाश असताना, मी ऑर्गनमास्तरांजवळ बसलो होतो. मोबाइलवर हे प्रेल्यूड लावलं. मास्तरांनी दोनदा ऐकलं आणि उजव्या हाताने सुरावट काढलीसुद्धा. अवघड नाहीच ती. पंचमावर उभं राहायचं, कोमल धैवताला जरा हात लावायचा, परत पंचमावर यायचं. पुन्हा धैवत, पुन्हा पंचम. मग पाय घसरावा तसं तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर उतरायचं. एवढंच. सवयीने त्यांनी डाव्या करंगळीने षड्ज दाबून धरला होता. त्याबरोबर ती सुरावट एकदम आपल्या घरची झाली. दुःख होतं, पण अंगणात बसून सांगितल्यासारखं.

मी म्हटलं, "मास्तर, खालचा सा सोडा बरं."

त्यांनी करंगळी उचलली, तेच सूर पुन्हा वाजवले, आणि थांबून म्हणाले, "हा तं रडून रायला गा, पन पाय कोठंच टेकून नाई रायला."

या दोन मिनिटांचा भाव याहून नेमका कोणी सांगितलेला मी ऐकला नाही. आपल्याकडे गाणं सुरू होण्याआधी तंबोरा लागतो. गायक कुठेही जाऊन आला तरी षड्ज खाली अंथरलेला असतो. शोपँ मात्र पहिल्याच कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या तीन सुरांत, तळाला षड्ज ठेवत नाही, कोमल गंधार ठेवतो. आणि तिथून डावा हात खाली सरकू लागतो. तीन सुरांपैकी एक अर्ध्या स्वराने उतरतो, बाकीचे जागेवर राहतात. मग दुसरा उतरतो. घराचा एकेक वासा हळूच काढून घ्यावा तसं. वर उजवा हात तोच पंचम धरून बसलेला असतो, पण त्याच्या खालचं सगळं बदललेलं असतं.

मींड निघत नाही म्हणून आपण पेटीला फार बोल लावले. आकाशवाणीवर तर 1940 मध्ये पेटीला बंदी झाली आणि ती अंशतः उठायला 1971 साल उजाडावं लागलं. गळ्यासारखा घसरता सूर पियानोलाही येत नाही. शोपँने ती घसरण एका सुरात न शोधता कॉर्डमध्ये शोधली. बंदी घालणाऱ्यांचं म्हणणं आपल्या रागसंगीतापुरतं मला समजतं. पण ठाम सुरांच्या वाद्याला विरघळणं जमत नाही, असं कोणी म्हणालं तर मी हे प्रेल्यूड पुढे करीन.

आता लय. रचनेच्या माथ्यावर शब्द लिहिला आहे ‘लार्गो’, म्हणजे अतिविलंबित. ते वाचून कित्येक वादक इतके सावकाश जातात की मला कळवळायला होतं. कारण शोपँने तालाची खूण दोन ठोक्यांची दिली आहे, चारांची नाही. आणि पियानोचा सूर वाजताक्षणीच विझू लागतो. म्हणून तर डावा हात एका आवर्तनात आठ-आठ वेळा हलकेच कॉर्ड वाजवत राहतो. विझू पाहणाऱ्या निखाऱ्यावर फुंकर घालावी तशी. लय फार ओढली की दोन फुंकरींमध्ये निखारा काळा पडतो, कॉर्ड सुट्या होतात आणि ती घसरण ऐकूच येत नाही. कोणी ही रचना पावणेदोन मिनिटांत संपवतो, कोणी अडीच मिनिटं घेतो. मला पावणेदोनच्या जवळपासचे वादक आवडतात. दुःखाला बसून राहू न देणारी ती चाल आहे.

रचना अवघ्या 25 आवर्तनांची. सोळाव्या-सतराव्याच्या सुमारास एकदाच हंबरडा फुटतो, आवाज चढतो, लयही पुढे रेटते. मग सगळं ओसरतं. अखेरीस एक अनोळखी कॉर्ड, आणि तिच्यानंतर शांतता. ती किती लांबवायची हे वादकावर सोडलेलं आहे. त्यानंतर अगदी हळू तीन कॉर्ड. तिसरीत षड्ज पायाशी येतो, ठामपणे, पहिल्यांदाच.

शोपँ 17 ऑक्टोबर 1849 रोजी गेला. 30 ऑक्टोबरला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीत हेच प्रेल्यूड वाजवलं गेलं, तेही ऑर्गनवर. तो नळ्यांचा प्रचंड ऑर्गन, आपल्याकडचा पायाने भाता मारायचा. पण हे सांगितल्यावर मास्तर सावरून बसले. त्या तीन कॉर्ड मी त्यांना सूर सांगून बसवून दिल्या. शेवटची त्यांनी सोडलीच नाही. पाय तेवढे थांबवले, आणि भात्यातला वारा सरेपर्यंत तो षड्ज बारीक होत गेला. बाहेर मंडपाच्या बल्ल्या ठोकणं चाललं होतं.

आता तेच ध्वनिमुद्रण ऐकू या.