महिनाअखेरची डाळ

महिन्याचा शेवटचा आठवडा आला, कीं मध्यम स्थितींतील गृहिणीची कसोटी लागते. रोज रात्रीं तेंच वरण पाहून मुलें अर्धपोटीं उठतात. पानांतलें उरलेलें तिलाच संपवावें लागतें, हें घरांत फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

अशा वेळीं हरभऱ्याची डाळ उपयोगी पडते. २०२२ च्या दिवाळीस महाराष्ट्र सरकारनें शिधापत्रिकेवर १०० रुपयांत जो शिधा दिला, त्यांतहि रवा, साखर व पामतेल यांच्या जोडीला ही डाळ एक किलो होती. भिजवून भरड वाटली आणि हिंग-मोहरीच्या फोडणीवर वाफवली, कीं वाटली डाळ झाली. तेंच वाटण गोळे करून ताकाच्या कढींत सोडावें. मात्र कढी उकळूं लागल्यावरच, एरव्हीं गोळे फुटतात. उन्हाळ्यांत भिजलेली डाळ लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढीच भिजवावी.

थोडी डाळ दळून आणावी. पिठलें म्हणजे दारिद्र्य असें मानणाऱ्यांनीं पाटवडीचा रस्सा बहुधा चाखलेला नसावा! डाळ शिजवल्यावर वरचें पाणीहि टाकूं नये. चिंच, गूळ व गोडा मसाला घालून त्याची कटाची आमटी होते. आणि ती पातळ असल्यामुळें वाढणारीच्याहि वाट्यास वाटीभर उरते.