‘सुरक्षित, घरगुती वातावरण’ म्हणजे नेमके काय?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



हुंडा, मारहाण, पोटगी हे आपले नेहमीचे विषय बाजूला ठेवून आज दोन-चार दिवसांसाठी भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांबद्दल बोलायचे आहे. सहलीला जाणाऱ्यांचा प्रश्न आपला कसा, असे कोणी विचारील. पण बाई केवळ सहलीला जात नाही. परीक्षेला, मुलाखतीला, कोर्टाच्या तारखेला ती परगावी एकटी जाते. मोबाईलवर जाहिरात पाहून खोली ठरवते, पैसे आधी भरते. खोली प्रत्यक्ष पाहते ती रात्री, सामान हातात घेऊन.

जाहिरातीत असते ‘सुरक्षित, घरगुती वातावरण’. प्रत्यक्षात दाराला आतून कडी नसते. ‘स्वतंत्र खोली’ असते, पण न्हाणीघर घरमालकाच्या मुलांबरोबर सामायिक. पुरुषाची यात गैरसोय होते. बाईला रात्र जागून काढावी लागते. कधी पैसे घेऊन झाल्यावर दारात सांगतात, ‘एकट्या बाईला आम्ही ठेवत नाही.’ ही अट जाहिरातीत कुठेही नसते. आणि तक्रार केली की पहिला प्रश्न तिलाच: ‘एकटी गेलीस कशाला?’

म्हणून कायदा माहीत हवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात राहण्या-जेवणाची सोय ही ‘सेवा’ आहे. खोटे वर्णन करणे ही दिशाभूल करणारी जाहिरात आहेच, पण महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणे हीसुद्धा आहे. हा मुद्दा आपल्यासाठी मोलाचा आहे. कारण बाईला जे महत्त्वाचे वाटते, नेमके तेच जाहिरातीतून गळलेले असते.

खोली ठरवण्यापूर्वी प्रश्न लेखी विचारावेत. आतून कडी आहे का? न्हाणीघर कोणाकोणाचे? घरात कोण राहते? कॅमेरे कुठे आहेत? उत्तर फोनवर मिळाले तर तेच ॲपवर लिहून मागावे. पोचल्यावर सामान सोडण्याआधी फोटो काढावेत, जाहिरातही जपून ठेवावी. तक्रार लगेच करावी. एअरबीएनबीसारख्या कंपनीच्या नियमात अडचण लक्षात आल्यापासून 72 तासांची मुदत आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची. दाद लागली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जाता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. खोली गोव्यात असली तरी बाई आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकते.

छुपा कॅमेरा सापडला तर मात्र पैसे परत मिळवण्यावर थांबू नये. तो गुन्हा आहे. एअरबीएनबीने एप्रिल 2024 अखेरपासून घराच्या आत कॅमेरे ठेवायला बंदी केली, पण कंपनीचा नियम वेगळा आणि फौजदारी कायदा वेगळा. बाईच्या खाजगी क्षणांचे चित्रण करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली पहिल्या गुन्ह्यासाठीही एक ते तीन वर्षे कैद आहे. कॅमेऱ्याला हात न लावता फोटो काढावा, 112 ला फोन करावा. ‘आमची हद्द नाही’ म्हणून पोलिसांना परत पाठवता येत नाही.

आता दुसरी बाजू. कोकणातल्या कितीतरी घरगुती निवासांमध्ये चादरी धुणारी, मोदक वळणारी, संडास घासणारी बाईच असते. जाहिरात मात्र मुंबईतला दीर किंवा मुलगा लिहितो, पैसेही त्याच्याच खात्यात जमा होतात. पाहुणे भडकतात ते समोर असलेल्या बाईवर. ‘चोवीस तास गरम पाणी’ तिने लिहिलेले नसते, बोलणी मात्र तिने खायची. पैसे सुटावेत म्हणून खोटी तक्रार करणारे पाहुणेही असतात; त्याचा फटकाही तिलाच. तेव्हा तक्रार करताना ती वर्णनाविरुद्ध करू या, राबणाऱ्या बाईविरुद्ध नको.

आणि ज्या बचत गटांच्या बाया हा व्यवसाय करतात, त्यांनी जाहिरातीचा मजकूर स्वतः लिहावा, निदान वाचून घ्यावा. पाणी दिवसातून दोनदा येते, संडास घराबाहेर आहे, रस्ता शेवटी कच्चा आहे, हे सरळ लिहावे. खरे लिहिल्याने काही गिऱ्हाईके जातील. येतील ती भांडायला येणार नाहीत, आणि आलीच तर लिहिलेला शब्द तिच्या बाजूने उभा राहील.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने अशी एक जाहिरात मोठ्याने वाचावी. तिच्यात काय लिहिले आहे ते पाहावेच. पण एकट्या बाईला कळायला हवे असे काय लिहिलेले नाही, त्याची यादी करावी. ती यादी गावातल्या घरमालकांपर्यंत आपणच पोचवू या.