आरोप, निवाडा आणि अधिकारपद : तंजावूरच्या इतिहासातून एक विचार

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखी पाठ)



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आजचा विषय थोडक्यात आटोपतो. वर्तमानपत्र उघडले की मात्र तो रोज नव्याने समोर येतो. ज्याच्यावर फौजदारी गुन्ह्याचा आरोप आहे, त्याने सत्तेच्या पदावर बसावे काय? चौकाचौकांत या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, ‘आरोप झाला की घरी पाठवा.’ दुसरे म्हणते, ‘आरोप तर कोणावरही होतो, लोकांनी निवडून दिले ना?’ दोन्ही उत्तरे उतावीळ आहेत. ती तपासून पाहण्यासाठी कावेरीकाठच्या तंजावूरकडे जाणे उपयोगी ठरेल. तेथे सुमारे पावणेदोनशे वर्षे भोसल्यांचे मराठी राज्य नांदले, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली त्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला, आणि सरस्वती महालातील मराठी हस्तलिखिते आजही अभ्यासकांना बोलावतात. पात्र कोण, अपात्र कोण आणि हे ठरवणार कोण, या तिन्ही प्रश्नांची झळ त्या भूमीने सोसलेली आहे.

मराठ्यांच्याही आधी सुमारे साडेसातशे वर्षे तेथे चोळांची सत्ता होती. पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, दहाव्या शतकाच्या पहिल्या चरणातील एक शिलालेख कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर या गावी आहे. गावाच्या सभेच्या समित्यांवर सभासद कसे निवडावेत, याचे नियम त्यात दिले आहेत. तीस प्रभागांतून पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांच्या तुकड्यांवर लिहून घागरीत टाकावीत आणि एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढवावी, अशी ती पद्धत होती. ही सभा ब्राह्मण जमीनमालकांची होती. स्त्रिया आणि कष्टकरी तिच्या बाहेर होते. तिला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु अपात्रतेची जी यादी त्या दगडावर आहे, ती विचार करायला लावणारी आहे. दुसऱ्याचे द्रव्य चोरणारा अपात्र, महापातकी अपात्र, आणि त्याचबरोबर ज्याने पूर्वी समितीवर काम केले पण हिशेब सादर केला नाही, तोही अपात्र. इतकेच नव्हे, तर त्याचे जवळचे नातलगही अपात्र.

नातलगांना शिक्षा देणे आजच्या न्यायबुद्धीला पटणारे नाही. पण हिशेबाची अट नीट न्याहाळावी. हिशेब न देणाऱ्याने अपहार केला आहे की नाही, याचा निकाल लागेपर्यंत गाव थांबत नसे. आरोप म्हणजे दुसऱ्याने केलेले विधान. ते खरे असेल वा खोटे. हिशेब न देणे ही मात्र घडलेली, सर्वांना पडताळून पाहता येणारी गोष्ट आहे. विशेष म्हणजे हे तत्त्व आजच्या कायद्यातही आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-अ नुसार, जो उमेदवार निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत आणि विहित रीतीने, सबळ कारणाशिवाय, सादर करत नाही, त्याला निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. त्यासाठी कोणी तुरुंगात जाण्याची गरज नाही. हजार वर्षांच्या अंतराने दगड आणि कायदा एकच गोष्ट सांगतात : सार्वजनिक पैशाचा आणि विश्वासाचा हिशेब देणे हे पदाबरोबर येणारे कर्तव्य आहे.

मात्र आरोपाच्या बळावर पद काढून घेण्याची दुसरी बाजूही तंजावूरनेच दाखवली आहे. १७७३ च्या सप्टेंबरात अर्काटच्या नबाबाने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या मदतीने तंजावूर जिंकले आणि तुळजाजी राजांना पदच्युत करून कैदेत ठेवले. खंडणी थकवली आणि विरोधकांशी संधान बांधले, असे आरोप होते. ते ऐकणार कोण? ज्याला राज्य हवे होते तोच फिर्यादी, तोच साक्षीदार, तोच न्यायाधीश. तीन वर्षांच्या आत, १७७६ साली, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवले. त्याच वर्षी पिगट यांना त्यांच्याच कौन्सिलातील विरोधकांनी अटक केली आणि पुढल्या वर्षी अटकेतच त्यांचा मृत्यू झाला. पुढे १७८७ साली तुळजाजी वारल्यावर त्यांचे दत्तकविधान पंडितांच्या अभिप्रायाने अशास्त्रीय ठरले आणि अमरसिंहांना गादी मिळाली. काही वर्षांनी दुसऱ्या पंडितांच्या अभिप्रायाने तेच दत्तकविधान सशास्त्र ठरले आणि १७९८ साली सरफोजी राजे झाले. शास्त्र तेच, दत्तक पुत्र तोच. बदलली होती ती कंपनीची सोय.

शेवटचा अंक १८५५ चा. शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्याबरोबर त्यांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पण १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. हे सार्वभौम सत्तेचे कृत्य आहे, त्याची न्याय्यता तपासण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे त्या निवाड्याचे सार. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही अभ्यासावा लागतो. सत्तेच्या कृतीपुढे न्यायालयाचे दार बंद झाले, तर माणसाच्या हाती काहीच उरत नाही, हा त्यातला धडा.

इकडे पुण्यात, तंजावूर पडले त्याच सुमारास, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पेशवेपदावर आलेल्या रघुनाथरावांच्या तोंडावर रामशास्त्री प्रभुणे यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि ते पद सोडून निघून गेले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. त्यांच्या निर्भयतेचे कौतुक होते, ते योग्यच आहे. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते : शास्त्रीबुवांनी आधी चौकशी केली, मग निवाडा सांगितला. बाजारातील कुजबुजीवरून त्यांनी कोणाला दोषी ठरवले नाही. तंजावुरात आरोप होता, पण स्वतंत्र न्यायाधीश नव्हता. पुण्यात स्वतंत्र न्यायाधीश होता, पण निवाडा अमलात आणणारी यंत्रणा नव्हती. दोन्ही असल्याखेरीज न्याय पुरा होत नाही. भारतीय संविधानाने ही दोन्ही अंगे जोडण्याचा प्रयत्न केला आहे.

आजचा कायदा काय सांगतो, ते थोडक्यात पाहू. केवळ आरोपामुळे कोणीही अपात्र ठरत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार दोषसिद्धी झाली आणि दोन वर्षे वा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झाली, तर शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षे ती व्यक्ती अपात्र राहते. काही विशिष्ट गुन्ह्यांत शिक्षा कमी असली तरी अपात्रता येते. पूर्वी विद्यमान आमदार-खासदारांना अपिलाच्या काळात संरक्षण होते. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. मात्र २५ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले की आरोपपत्राच्या टप्प्यावर अपात्रता आणायची असेल, तर तो कायदा संसदेने करावा. न्यायालय नवी अपात्रता निर्माण करू शकत नाही. उमेदवाराने आपल्यावरील खटल्यांची माहिती प्रसिद्ध करावी, एवढे बंधन न्यायालयाने घातले. यात एक विसंगतीही आहे : तुरुंगातील कच्चा कैदी मतदान करू शकत नाही, पण निवडणूक लढवू शकतो.

या नियमांचा सर्वांत मोठा कस तामिळनाडूतच लागला. जे. जयललिता यांना ऑक्टोबर २००० मध्ये तान्सी जमीन प्रकरणात शिक्षा झाली. २००१ च्या निवडणुकीत त्यांचे चारही उमेदवारी अर्ज फेटाळले गेले. पण त्यांच्या पक्षाला बहुमत मिळाले आणि १४ मे २००१ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. सभागृहाचा सदस्य नसलेली व्यक्ती सहा महिने मंत्री राहू शकते, या तरतुदीचा आधार घेतला गेला. २१ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नियुक्ती रद्द केली. जी व्यक्ती आमदार होण्यास अपात्र आहे, ती मुख्यमंत्रीही होऊ शकत नाही. लोकांचा कौल संविधानाच्या वर नाही, असे न्यायालयाने ठरवले. चौकातल्या दुसऱ्या उत्तराला हा जबाब पुरेसा आहे.

पण कथा तेथे थांबत नाही. त्याच वर्षी ४ डिसेंबरला मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले आणि मार्च २००२ मध्ये त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. बेहिशेबी मालमत्तेच्या दुसऱ्या खटल्यात २७ सप्टेंबर २०१४ रोजी बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा आणि शंभर कोटींचा दंड ठोठावला, पद गेले. ११ मे २०१५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने मुक्तता केली. पद परत आले. ५ डिसेंबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले, आणि १४ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशेष न्यायालयाचा निकाल पुन्हा कायम केला. त्यांच्याविरुद्धची कारवाई मृत्यूमुळे संपली होती. त्यांच्या सहकारी व्ही. के. शशिकला यांना मात्र कारागृहात जावे लागले. विसाव्या शतकात सुरू झालेल्या खटल्याचा अंतिम निकाल मुख्य आरोपीच्या निधनानंतर लागावा, यात न्यायाचा विजय कितीसा मानावा? निर्दोषावर अन्याय होऊ नये म्हणून दोषसिद्धीपर्यंत थांबायचे. आणि दोषसिद्धीला वीस वर्षे लागली, तर थांबण्यातच जनतेवर अन्याय. या प्रश्नाची खरी गाठ येथे आहे.

अलीकडचे उदाहरणही त्याच राज्यातले. मंत्री व्ही. सेंथिल बालाजी यांना जून २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अटक केली. राज्यपालांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढल्याचा आदेश दिला आणि त्याच रात्री तो स्थगित ठेवला. ते काही महिने कोठडीत असताना बिनखात्याचे मंत्री राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये जामीन मिळताच पुन्हा मंत्री झाले; साक्षीदारांवर दबाव येण्याची शंका पुढे आल्यावर, पद की जामीन हे ठरवा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. गुन्हा सिद्ध व्हायचा आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. न्यायालयाची चिंता वेगळी होती : मंत्रिपदाच्या सावलीत साक्षीदार मोकळेपणाने बोलेल काय?

या अनुभवातून काही मार्ग दिसतो. आमदारकी आणि मंत्रिपद या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात. आमदार मतदारांचा आवाज असतो. तो आरोपावरून काढून घेणे म्हणजे मतदारांना मुके करणे. मंत्र्याच्या हाती मात्र फायली, बदल्या आणि पोलीस असतात. सरकारी कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांहून अधिक कोठडीत राहिला तर तो निलंबित मानला जातो. निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे; निर्दोष सुटल्यास तो सन्मानाने परत येतो. शिपायाला लागू असलेला हा नियम मंत्र्याला का नसावा, हा प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेले १३० वे घटनादुरुस्ती विधेयक याच दिशेचे आहे : पाच वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचे पद जावे, असे त्यात म्हटले आहे. पण अटक करणारी यंत्रणा सरकारच्या हाती असते. फिर्यादी आणि निवाडा करणारा एकच झाला की काय होते, हे तुळजाजींच्या तंजावूरने पाहिले आहे. त्यापेक्षा न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१४ साली सुचवलेला मार्ग अधिक विचारपूर्वक वाटतो. गंभीर गुन्ह्यात न्यायाधीशाने पुरावा पाहून आरोप निश्चित केल्यावरच अपात्रता यावी, आणि निवडणुकीच्या तोंडावर ठेवलेले आरोप मोजू नयेत, अशी ती शिफारस होती. तिच्या जोडीला मंत्र्यांचे खटले ठरावीक मुदतीत निकाली निघाले पाहिजेत. त्याशिवाय कोणताही नियम न्याय्य ठरणार नाही.

कायद्याच्या अलीकडे संकेतांचेही एक क्षेत्र आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले. त्या वेळी त्यांना कोणतीही शिक्षा झालेली नव्हती. १९९६ साली हवाला प्रकरणात नाव येताच लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेचे सदस्यत्व सोडले आणि न्यायालयाने मुक्त केल्यानंतरच ते पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. बाजूला होणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, हा संकेत त्या काळी सर्व पक्षांना समजत होता.

आणि शेवटी मतदार. २०१६ साली तंजावूर विधानसभा मतदारसंघाची निवडणूक आयोगाने रद्द केली आणि ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा घेतली. कारण, मतदारांना वाटला गेलेला पैसा आणि भेटवस्तू. लाच देणारा गुन्हेगार असतो, तसा घेणाराही कायद्याने गुन्हेगारच असतो. ज्या घरात मताचे पाकीट स्वीकारले जाते, त्या घराला मंत्र्याच्या खटल्यावर बोलण्याचा अधिकार किती उरतो?

आता प्रत्येक उमेदवाराच्या खटल्यांची माहिती शपथपत्रात उपलब्ध असते. मतदानापूर्वी ती घरातील मुलांसमोर वाचावी. खटला कोणता, कोणी दाखल केला, न्यायाधीशाने आरोप निश्चित केले आहेत की नुसती तक्रार आहे, निकाल किती वर्षे रखडला आहे, याची चर्चा जेवणाच्या पाटावर व्हावी. वर्गाच्या सहलीचे पैसे जमा करणारा मुलगा शेवटी हिशेबाची वही बाईंसमोर ठेवतो, तेव्हा उत्तरमेरूरचा नियमच तो पाळत असतो. एखाद्या मुलावर चोरीचा आळ आला असता त्याचे म्हणणे ऐकून घेईपर्यंत जो वर्ग त्याला चोर म्हणत नाही, तो वर्ग न्यायाचे तत्त्व शिकलेला असतो. या दोन्ही सवयी एकत्र जोपासलेल्या पिढ्या येथून बाहेर पडाव्यात, एवढीच या हीरक महोत्सवानिमित्त अपेक्षा.