बोरघाटाच्या पायथ्याशी आपले स्वागत

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, लेखक मंडळी आणि खोपोलीकर बंधुभगिनींनो,

र. वा. दिघे यांच्या कादंबऱ्यांवर बोलायला आपण आमच्या गावी आलात, याचा मला मनापासून आनंद आहे.

१८५६ साली मुंबईची रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८६३ मध्ये बोरघाटातला मार्ग खुला होईपर्यंत पुण्याचे उतारू इथेच उतरत. पालखीत, तट्टावर नाहीतर पायी घाट चढत. नाना फडणविसांनी बांधलेले वीरेश्वराचे देऊळ आणि तळे आपण जरूर पाहा. १९१५ साली टाटांनी घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून इथे उतरवले, वीज केली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पण माझा जीव सर्वांत जास्त गुंतला आहे तो शिंगरोबात! घाटाची वाट या धनगराने साहेबाला दाखवली आणि इनाम म्हणून त्याला गोळी मिळाली, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे. गाडीवाले तिथे आजही हात जोडतात.

दिघे मूळचे कल्याणचे, पेशाने वकील. पण ते रमले आमच्या विहारीच्या शेतीत. ‘पाणकळा’, ‘पड रे पाण्या’, ‘आई आहे शेतात’ या नावांतच आमचा पाऊस आणि आमची भातखाचरे आहेत. ‘पाणकळा’ आली १९३९ साली. रानाशेतातला माणूस त्यांनी कादंबरीच्या मध्यभागी आणून बसवला. शिंगरोबाच्या वाट्याला जे आले नाही, ते त्याच्यासारख्यांना दिघ्यांनी मिळवून दिले, असे मी मानतो.

व्यवस्थेत उणिवा आहेत. गाद्या कमी पडल्या, म्हणून काही पाहुण्यांची सोय घराघरांतून केली आहे. कर्जतला गाडीसाठी ताटकळावे लागलेल्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. मंडप देणारे, तांदूळ पाठवणारे भातगिरणीवाले, स्थानकावरून पाहुण्यांना बिनभाड्याने आणणारे रिक्षावाले, शाळेचे वर्ग झाडून देणारी मुले आणि पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचतगटाच्या भगिनी यांचे ऋण फिटणारे नाही. ज्या देणगीदारांनी नाव घेऊ नका असे बजावले, त्यांनाही माझा नमस्कार.

रात्री मैदानावर पोपटी लावली आहे. वालाच्या शेंगा गावातल्याच. उद्या सकाळी सात वाजता विहारीला जाणारी बस शाळेच्या फाटकातून सुटेल. आता अध्यक्षांनी सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.