पाणी सोडणाऱ्यांचा इतिहास कुणी लिहायचा?



या मेळाव्याच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. आता भांडायला उभा राहतो.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘पाणीपुरवठा व्यवसायातील संघटनांची वाटचाल’. असा विषय आला की वक्ते मुंबईच्या तलावांपासून सुरुवात करतात. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, पुढे मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ ची मध्य वैतरणा. सोबत अभियंत्यांची नावं येतात, कॉनिबेअर, टुलक, आपले मोडक. ही माणसं मोठी होती आणि त्यांना माझा मनापासून नमस्कार आहे. पण धरण बांधून झालं म्हणून पाणी घरात येत नाही. मुंबईत ते विभागाविभागाला, ठरल्या वेळी सोडावं लागतं, आणि त्यासाठी दररोज कुणाला तरी रस्त्यात वाकून चेंबरचं झाकण उचलावं लागतं. त्याला आपण चावीवाला म्हणतो. कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडला की टेकडीवरच्या शेवटच्या नळाला धार लागेल आणि खालची जुनी लाइनही फुटणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. नकाशात ते नसतं. रात्री वर्दळ थांबल्यावर लोखंडी सळई पाइपाला टेकवून, तिला कान लावून गळती हुडकणारा आपल्यातच बसलाय. त्याचा कान कुठल्या नोंदवहीत आहे?

आता संघटनेचं बोलतो. १९६८ साली मुंबईत इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशन स्थापन झाली. मुख्यालय सांताक्रूझला, वाकोल्यात, पाइपलाइनच्याच रस्त्यावर. आज देशभर तिची केंद्रं आहेत, अधिवेशनं भरतात, नियतकालिक निघतं. या कामाचं मोल मी कमी करणार नाही. शहराशहरांतल्या अभियंत्यांना एकमेकांच्या चुका आणि उपाय कळण्याची सोय या संस्थेनं केली. पण माझा सवाल सरळ आहे. नाव ‘वॉटर वर्क्स’चं आहे. वॉटर वर्क्समध्ये अभियंता असतो तसा फिटर असतो, चावीवाला असतो, पंपावरचा ऑपरेटर असतो, मुकादम असतो. नियतकालिक इंग्रजीत. मग हे लोक वाचणार काय, आणि लिहिणार कशात?

परदेशाचा दाखला दिल्याशिवाय आपल्याकडे पटत नाही, म्हणून तोही देतो. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशन १८८१ च्या मार्चमध्ये सेंट लुईसला २२ जणांनी सुरू केली. त्या संस्थेनं पुढे ऑपरेटरांसाठी ‘ऑपफ्लो’ नावाचं वेगळं मासिक काढलं. तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या कायद्यात १९९६ साली दुरुस्ती झाली आणि ऑपरेटरला प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था राज्यांना उभारावी लागली. यंत्र चालवणाऱ्याच्या अकलेला तिथे कागदावर मान आहे. आपल्याकडे तीच अक्कल ‘अनुभव’ म्हणून मोडीत निघते.

आणि या अकलेचा अभ्यास कुणी केला? मुंबईच्या पाण्यावरची दोन मोठी पुस्तकं, लिसा ब्यॉर्कमन यांचं २०१५ चं आणि निखिल आनंद यांचं २०१७ चं, दोन्ही अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढली. त्या संशोधकांचे मी आभार मानतो. ते आपल्या वस्त्यांत आले, पाइपांच्या मागे हिंडले, चावीवाल्याच्या कामाकडे त्यांनी गंभीरपणे पाहिलं. पण माझ्या मराठीला लाज वाटायला हवी. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारायण सुर्वे यांच्याकडे आलं. महापालिकेच्या शाळेत शिपायाची नोकरी केलेला हा कवी होता. कामगाराचा शब्द मोठ्या मंडपात पोचतो हे तेव्हाच सिद्ध झालं. पाणी खात्यातला माणूस मग अजून गप्प का?

कुणी म्हणेल, तुमच्यासाठी युनियन आहे. आहेच, आणि मी तिचा जुना सभासद आहे. पगार, बोनस, गमबूट, वारसाला नोकरी, जे मिळालं ते युनियननं लढून मिळवलं. पण युनियन हक्कासाठी असते आणि व्यावसायिक संघटना ज्ञानासाठी. या वाटणीत हक्क तेवढे आमच्याकडे आले, ज्ञान साहेबांकडे गेलं. मला ही वाटणीच मान्य नाही.

एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. फोटो छापले, श्रेयावरून भांडणं झाली. मिरजेत त्या वाघिणी भरणाऱ्यांची आणि लातुरात त्या रिकाम्या करून पाणी पुढे पोचवणाऱ्यांची नावं कुणाला सांगता येतील? १८ जुलै २०२१ ला मुंबईच्या भांडुप जलशुद्धीकरण संकुलात पावसाचं पाणी शिरलं, यंत्रणा बंद पडली. ती पुन्हा सुरू करायला त्या चिखलात कोण उतरलं? बातमीत ‘प्रशासन’ होतं.

गावाकडे तर अवस्था आणखी वाईट आहे. जल जीवन मिशन २०१९ ला आलं, अनेक घरांत नळ आले. त्या नळाला पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा माणूस मोटार चालू करतो, टाकी धुतो, ब्लिचिंग टाकतो, पाणीपट्टीसाठी शिव्या खातो, आणि मानधनाची वाट बघतो. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. मुंबईचा इतिहास लिहिताना हेही लिहावं लागेल. सोयीचं नाही म्हणून वगळता येणार नाही.

शहरात आता कंत्राट आलंय. कायम माणूस निवृत्त झाला की जागा भरत नाहीत. ठेकेदाराचा माणूस येतो, वर्षभरात बदलतो. वर्षानुवर्षांची माहिती निवृत्त माणसासोबत गावी जाते. मग लाइन सापडत नाही म्हणून रस्ता चार ठिकाणी खोदतात आणि खर्च नागरिकांच्या माथी बसतो. मी एका कार्यालयात कामावर मेलेल्या पाणी कामगारांची यादी मागितली होती. अशी यादी आम्ही ठेवत नाही, असं उत्तर मिळालं. अपघात, चेंबरमध्ये गुदमरणं, विजेचा धक्का, सगळं सुट्या फायलींत पडलंय. ज्या संघटनेला आपले मेलेले मोजता येत नाहीत, तिनं वाटचालीचे सोहळे करू नयेत.

म्हणून जेवणाच्या सुट्टीआधी एक ठराव मांडतो. प्रत्येक विभागातल्या निवृत्त चावीवाल्याला, फिटरला, ऑपरेटरला मानधन देऊन बोलतं करावं आणि त्याचं सांगणं मराठीत, त्याच्या नावानं छापावं. व्यावसायिक संघटनांनी सभासदत्वाचं दार पदवीशिवाय उघडावं. आणि कामावर मृत्यू आलेल्यांची यादी पुढच्या मेळाव्याच्या आत तयार व्हावी, कंत्राटी कामगारांसकट. मंचावर बसलेल्या अधिकाऱ्यांनी हो की नाही ते आजच, याच माइकवर सांगावं.

ठराव मांडला आहे. अनुमोदन कोण देतंय?