अर्णाळ्याच्या नावाचा गुप्तहेर-बाप

आजचा भाग लोकलमध्ये ऐकत असाल तर उत्तम. कारण विषय आहे गुप्तहेराचा, आणि गुप्तहेर मोठा झाला तोच मुळी रेल्वेच्या स्टॉलवर.

शेरलॉक होम्स पहिल्यांदा छापला गेला १८८७ मध्ये. तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. खरी गंमत १८९१ ला झाली. कॉनन डॉयलच्या लक्षात आलं की मासिकातल्या क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचक सुटतो. मग त्याने काय केलं? नायक तोच ठेवला, पण गोष्ट दर अंकात पूर्ण. म्हणजे कुठूनही सुरू करा, काही अडत नाही. आपण आज ज्याला एपिसोड म्हणतो ना, तेच हे. पुढे १८९३ मध्ये डॉयलने होम्सला मारून टाकलं, पण वाचक काही सोडेनात. शेवटी १९०३ मध्ये त्याला जिवंत करून परत आणावं लागलं.

आता आपल्याकडे या. बोईसरहून चर्चगेटची गाडी पकडा, विरारला उतरा, पश्चिमेला अर्णाळा. किल्ला आणि बीच आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण मराठी रहस्यकथेच्या सगळ्यात मोठ्या लेखकाच्या नावात हेच गाव आहे: बाबूराव अर्णाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १०९२ रहस्यकथा पुस्तकरूपात आल्या, आणि गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. हिशोब करा: ४८ वर्षं, वर्षाला जवळजवळ २३, म्हणजे महिन्याला दोनच्या आसपास. आपल्या टीमचे रिलीजसुद्धा इतके वेळेवर होत नाहीत!

आणि पॅटर्न बघा, अगदी तोच. छोटं पुस्तक, एका बैठकीत संपणारं, नायक ओळखीचा. धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू. झुंझार, त्याची बायको विजया आणि नेताजी. काळापहाड तर कायद्याच्या रेषेच्या जरा पलीकडचाच. लायब्ररीतून आणायचं, रात्रीत संपवायचं, सकाळी दुसऱ्याला द्यायचं. तुमच्या आजोबांना नुसतं 'झुंझार' म्हणून बघा, चेहरा बघा कसा खुलतो.

मग प्रश्न असा, की होम्स आजही आपल्या मोबाइलवर आहे आणि धनंजय का नाही? हुशारीत तो कमी पडला म्हणून? मला नाही वाटत. डॉयल १९३० मध्ये वारला. त्याच्या कथांवरचा हक्क आपल्याकडे केव्हाच संपलाय. कोणीही छापा, भाषांतर करा, सिरीज काढा. म्हणून २०१० मध्ये बीबीसीने त्याच्या हातात स्मार्टफोन दिला आणि आपली पिढी परत त्याच्या मागे लागली. बाबूराव गेले १९९६ मध्ये. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०५६ संपेपर्यंत. लेखकाच्या वारसांना हक्क असणं योग्यच आहे. पण स्वस्त कागद तोवर थांबतो का? ज्या कथेचं पुनर्मुद्रण झालं नाही, तिच्या उरल्यासुरल्या प्रती रद्दीत जातात. गुप्तहेर कड्यावरून पडून मरत नाही मंडळी, पुढच्या वाचकाच्या हातात पुस्तक मिळालं नाही की मरतो.

म्हणून एक काम सांगतो. पीडीएफ करून ग्रुपवर टाकू नका, ते बेकायदेशीर आहे. पण या रविवारी माळ्यावरची पेटी उघडा. अर्णाळकरांचं पुस्तक सापडलं तर नाव, प्रकाशक, साल लिहून घ्या. मग आधी स्वतः वाचा, आणि घरात नकोच असेल तर रद्दीवाल्याला न देता गावच्या वाचनालयात विचारा. नव्याने छापलेलं एखादं मिळालं तर विकत घ्या. खप दिसला तरच प्रकाशक पुढचं छापतो, साधा हिशोब आहे.

आणि आजी-आजोबांना विचारा, त्यांचा आवडता कोण? धनंजय, झुंझार की काळापहाड? उत्तर कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात. तोवर कान उघडे ठेवा!